३० तासांत अँटिगनी: मराठवाड्यातल्या एका कॉलेजमधल्या ग्रीक पेपरचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमचं कॉलेज मराठवाड्यात, तालुक्याच्या गावात, गोरोबाकाकांच्या तेरपासून एसटीनं तासभर. नाव सांगत नाही, पोरांची तर अजिबातच नाही. अनुदानित कॉलेज, पण मधे स्वायत्त झालं, त्यामुळे नवीन शैक्षणिक धोरण आमच्याकडे २०२३-२४ लाच आलं, आणि अभ्यासक्रम आपला आपण बनवायची मोकळीकही मिळाली आणि डोकेदुखीही. मी इंग्रजी विभागात.

या नव्या रचनेत ओपन इलेक्टिव्ह म्हणून एक प्रकार आहे, म्हणजे दुसऱ्या शाखेच्या पोरांसाठीचा पेपर. २ क्रेडिट, ३० तास, ५० मार्क, त्यातले ३० लेखी आणि २० अंतर्गत. बीएस्सी-बीकॉमची पोरं आपल्याकडे येणार तर त्यांना द्यायचं काय यावर विभागात चहाच्या दोन फेऱ्या झाल्या आणि मीच म्हणाले की ग्रीक साहित्याची ओळख देऊया. खरं कारण सांगते, एमएला तो माझा आवडता भाग होता आणि नोट्स तयार होत्या. अभ्यासक्रम बऱ्याचदा असेच ठरतात, कबूल कुणी करत नाही एवढंच.

पहिल्या वर्षी चार युनिट केली. होमरच्या दोन महाकाव्यांची कथा, ग्रीक शोकांतिकेची वैशिष्ट्यं, ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र, प्लेटोचं गुहेचं रूपक. ऐकायला भारदस्त! ३० तासात चार युनिट म्हणजे एकेकाला साडेसात तास. पीडीएफ वाटल्या, कॅथार्सिसची, म्हणजे शोकांतिका पाहून मन हलकं होण्याची, व्याख्या लिहून दिली, हॅमार्शियावर, म्हणजे नायकाच्या हातून होणाऱ्या घातक चुकीवर, टीप दिली, पोरांनी पाठ केली, परीक्षेत उतरवली, बहुतेक सगळे पास.

अडचण

मार्च २०२४ मध्ये पेपर तपासताना एका उत्तरात वाचलं की ‘अँटिगनी हा सोफोक्लीसचा शूर योद्धा होता’. अँटिगनी ही सोफोक्लीस या ग्रीक नाटककाराच्या नाटकाची नायिका. हसू आलं, मग लक्षात आलं की यात पोराची चूक काय. वर्षभरात त्याच्यासमोर नाटकातलं एक वाक्यसुद्धा आलं नव्हतं. आम्ही ग्रीक साहित्याबद्दल शिकवलं होतं, ग्रीक साहित्य शिकवलंच नव्हतं. लग्नाला न जाता नुसती पत्रिका वाचून यावं तसं.

आता हे फक्त मला कळलं असतं तर मी गपचूप सुधारलं असतं. पण त्याच महिन्यात अंतर्गत गुणवत्तेच्या बैठकीत सगळ्या ओपन इलेक्टिव्हचा आढावा निघाला आणि प्राचार्यांनी सरळ विचारलं, मॅडम, आपल्या भागातल्या पोराला या ग्रीकचा उपयोग काय? त्यांचा सूर कुत्सित नव्हता हे मुद्दाम सांगते. आमची बरीच पोरं पहाटे पोलीस भरतीची तयारी करतात, दुपारी कॉलेज, संध्याकाळी शेतात नाहीतर दुकानात. ३० तास ही त्यांच्यासाठी स्वस्त गोष्ट नाही. मी तेव्हा जे उत्तर दिलं ते आठवून आजही लाज वाटते. जागतिक वारसा, लोकशाहीचं माहेरघर, विचारांची बैठक वगैरे. प्राचार्य शांतपणे म्हणाले, हे सगळं खरं असेल, पण तुमच्या पेपरात ते होतंय का? एप्रिलच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत काय ते ठरवून या.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सोपा, पेपर बंद करून त्याजागी स्पोकन इंग्लिश आणि मुलाखतीची तयारी. पोरं पळत येतील, वर्ग भरेल. हा पर्याय फालतू नव्हता, आमच्या पोरांना त्याची खरंच गरज आहे. पण तोच मजकूर कौशल्याच्या पेपरात आधीच होता आणि तिसऱ्यांदा ‘टेल मी अबाऊट युवरसेल्फ’ शिकवून काय वेगळं होणार होतं?

दुसरा पर्याय वाणिज्यच्या एका सरांनी सुचवला. स्पर्धा परीक्षेच्या नावाखाली विका ना! यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० मार्कांचा पेपर आहे, त्यात जगभरातले नैतिक विचारवंत येतात, आणि एमपीएससीही आता त्याच वर्णनात्मक वळणावर गेलीय. सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल, प्रत्येकी चार अवतरणं, झालं काम. मला मोह झाला होता. पण ही परत पीडीएफच झाली, फक्त वेगळं कव्हर घालून.

तिसरा म्हणजे आहे तसं चालू ठेवणं. त्यावर कुणी काहीच बोललं नाही, आणि सरकारी-निमसरकारी ठिकाणी बहुतेक वेळा जिंकतो तो हाच पर्याय.

चौथा माझा. चार युनिट फेकून द्यायची, एकच नाटक घ्यायचं, सोफोक्लीसचं अँटिगनी, आणि ते सगळं वाचायचं, मराठीतून बोलत. मूळ नाटक १३५३ ओळींचं, म्हणजे फार मोठं नाही. गोष्टही दोन मिनिटात सांगता येते: थीब्ज शहराच्या गादीवरून दोन सख्खे भाऊ एकमेकांना मारून मरतात, नवा राजा क्रेऑन, जो त्यांचा मामाच, हुकूम काढतो की शहराच्या बाजूनं लढलेल्याला इतमामानं पुरायचं आणि बाहेरची फौज घेऊन चालून आलेल्याला उघड्यावर कुत्र्या-पक्ष्यांना टाकायचं, जो पुरेल त्याला मृत्युदंड. आणि बहीण अँटिगनी जाऊन त्याच्यावर माती टाकते.

बैठकीत खरा वाद या चौथ्यावरच झाला आणि तो मी इथे नीट लिहिते, कारण दोन आक्षेप असे होते की त्यांचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही.

इतिहासाचे सर म्हणाले, हे ग्रीक आपल्याकडे आलं कसं ते तरी सांगा पोरांना. १८५४ च्या मेकॉले समितीनं आयसीएसच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सनदी नोकरीच्या, स्पर्धा परीक्षेची जी गुणयोजना आखली तिच्यात ग्रीक भाषा-साहित्य-इतिहासाला ७५० मार्क, लॅटिनला ७५०, आणि संस्कृतला ३७५, अरबीला ३७५. म्हणजे हिंदुस्थानावर राज्य करायला येणाऱ्या माणसाला होमर आल्याचे दुप्पट मार्क! सरांचं म्हणणं होतं की हे दार होतं, आपल्याला बाहेर ठेवायला केलेलं, आणि तुम्ही त्याच दाराला तोरण बांधताय. मला हे पटलं. मी एवढंच म्हणाले की दार बंद करायला वापरलं हा दाराचा दोष की बंद करणाऱ्याचा? पण हे हजरजबाबीपणाचं उत्तर झालं, खरं उत्तर नव्हे.

मराठीच्या मॅडमचा प्रश्न त्याहून अवघड होता. त्या म्हणाल्या, अगं मेलेल्याच्या अंत्यसंस्कारावरच बोलायचंय ना, मग महाभारताचं स्त्रीपर्व घे. कुरुक्षेत्रावर गांधारीचा विलाप आहे, हजारोंच्या चिता आहेत, कर्ण आपला थोरला, त्यालाही पाणी द्या, हे कुंती तिथेच पहिल्यांदा सांगते. आणि रामायणात रावण पडल्यावर राम बिभीषणाला काय म्हणतो, ‘मरणान्तानि वैराणि’. हे सोडून थीब्जला कशाला जायचं?

मी रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलाशी जाऊन जे सांगितलं तेच आजही माझं मत आहे. स्त्रीपर्व अँटिगनीपेक्षा कुठेच कमी नाही. पण आमच्या वर्गात महाभारत उघडलं की प्रत्येकजण आधीच कुठल्यातरी बाजूला बसलेला असतो. कर्ण कुणाचा, कृष्ण कुणाचा, टीव्हीवर काय दाखवलं, घरी काय मानतात. आमच्याकडे हजेरी घेताना आडनाव उच्चारलं की अर्ध्या वर्गाला पोरगं कुठल्या गल्लीतलं ते कळतं. थीब्जमध्ये कुणाचीच गल्ली नाही. क्रेऑनचं आडनाव नाही. तिथे सगळी पोरं सारखीच परकी. मॅडम म्हणाल्या, म्हणजे तुला लांबचं हवंय ते जवळचं बोलता यावं म्हणून. मी म्हणाले हो, तेच. त्या म्हणाल्या मग बघ, पण जवळचं आलं की सांभाळता येईल का ते पण बघ. हे वाक्य पुढे आठवणार होतं.

मंडळानं एका वर्षासाठी मंजुरी दिली, अट एकच, प्रश्नपत्रिकेचा ढाचा कॉलेजच्या साच्यातच हवा.

काय केलं

२०२४-२५ ला प्रवेश झाले २७. बरेचसे बाकीचे पेपर भरले म्हणून आलेले, आणि हे पहिल्याच तासाला तोंडावर सांगणारी पोरं होती, बरं वाटलं.

पहिला तास अक्षरांचा घेतला. मला ग्रीक येत नाही, मुळाक्षरं आणि कोश उघडून शब्द शोधता येण्याइतकंच मी स्वतः इंटरनेटवरून शिकले. फळ्यावर चोवीस अक्षरं लिहिली आणि बीएस्सीची पोरं माझ्या आधी वाचायला लागली, अल्फा बीटा गॅमा, थीटा, लॅम्डा, पाय, सिग्मा, ओमेगा. कॉमर्सची मागे होती, त्यांना डेल्टा आणि ओमिक्रॉन आले, कुठून ते सगळ्यांनाच माहीत. दहा मिनिटात वर्गाला कळलं की ही लिपी आपण बरीच वर्षं वापरतोय, फक्त तिच्यातलं वाक्य कधी वाचलं नाही.

नाटकासाठी जेबचं जुनं इंग्रजी भाषांतर घेतलं, कॉपीराइट संपलेलं, फुकट मिळतं. इंग्रजी मात्र जड, जुन्या वळणाचं. त्यामुळे ठरवलं की चार-चारजणांच्या गटानं रोज पंधरा-वीस ओळी घ्यायच्या आणि बोलीत सांगायच्या, लिहिलेलं नको, सांगायचं. हा पहिला मोठा निर्णय आणि तो बरोबर निघाला. पहिल्या आठवड्यात फोनमधून भाषांतर काढून वाचून दाखवणं झालंच, पण ‘म्हणजे काय रे?’ असा एक प्रश्न विचारला की ते भाषांतर कोसळायचं. इंग्रजी विभागातल्या एका सहकाऱ्यांनी नाक मुरडलं की इंग्रजीच्या पेपरात मराठी कशाला. त्यांना मी विंदा करंदीकरांची आठवण दिली, इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र त्यांनी १९५७ मध्ये मराठीत आणलं. शिवाय आजच्या ग्रीसमध्येसुद्धा माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षाची पोरं ओडिसी वाचतात ती आजच्या ग्रीक भाषांतरात. मग आम्हालाच सोवळं कशाला?

दोन तास असे झाले की ते जरा सविस्तर लिहिते.

एक म्हणजे माणसावरचं कोरसचं, म्हणजे नाटकात एकत्र गाणाऱ्या समूहाचं, गाणं. जेबनं त्याची सुरुवात ‘वंडर्स आर मेनी’ अशी केलीय, गटानं सांगितलं, ‘आश्चर्यं पुष्कळ आहेत पण माणसासारखं आश्चर्य नाही’. छान, शाळेच्या भिंतीवर लावण्यासारखं. मग मी मूळ शब्द फळ्यावर लिहिला, देइनोस, आणि कोशातले अर्थ सांगितले. भयानक, जबरदस्त, अचाट, विलक्षण, हुशार. हे सगळं एकाच शब्दात. विचारलं, मराठीत असा शब्द आहे का? कुणी म्हणालं भयंकर, कारण आपण भयंकर हुशार म्हणतोच. आणि मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, डेंजर’. वर्ग हसला, मी पण, आणि मग थांबले, कारण तोच शब्द होता. ‘लई डेंजर माणूस आहे’ यात कौतुक किती आणि भीती किती हे बोलणारालाही सांगता येत नाही. फळ्यावर लिहिलं: ‘डेंजर गोष्टी पुष्कळ आहेत, पण माणसाएवढं डेंजर काही नाही.’ आणि मग गाण्याचा पुढचा भाग एकदम उलगडला, की माणूस खवळलेला समुद्र ओलांडतो, न थकणाऱ्या धरतीला वर्षानुवर्षं नांगरून झिजवतो, पाखरं मासे जाळ्यात धरतो, सगळ्यावर इलाज काढतो, मरण सोडून. ज्याच्या घरी दोन एकर आहेत त्या पोरानं विचारलं, झिजवतो म्हणजे ते चांगलं म्हणून लिहिलंय की वाईट म्हणून? याचं उत्तर कोशात नव्हतं.

दुसरा तास हेमॉनचा. क्रेऑनचा मुलगा, अँटिगनीशी लग्न ठरलेला, बापाला समजवायला येतो. पुराच्या वेळी काठावरची जी झाडं वाकतात त्यांच्या फांद्या वाचतात, जी ताठ राहतात ती मुळासकट जातात, असं तो म्हणतो. मी वाचून थांबले पण नाही तोवर तीन-चार आवाज एकदम, ‘महापुरें झाडें जाती, तेथे लव्हाळे वाचती’. मला हे आधी सुचलं नव्हतं, खरंच नव्हतं. अँटिगनी इसवी सनपूर्व ४४१ च्या सुमाराचं, तुकोबा सतराव्या शतकातले, मधे दोन हजार वर्षं. मी खूश होऊन पुढे जाणार तोच एक मुलगी म्हणाली, पण मॅडम ते सेम नाही. तुकाराम महाराज स्वतःसाठी लहानपण मागतायत, हा तर राजाला सांगतोय वाक म्हणून. लहान माणसानं वाकणं आणि राजानं वाकणं एकच आहे का? त्या दिवशी मी नुसती ऐकत बसले. आमचा कॅथार्सिस तोच असावा.

मधे एक दिवस तेरला नेलं. याला कारण होतं. पहिल्या शतकात एका ग्रीक लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराचं टिपण केलंय, पेरिप्लस म्हणून ओळखतात, लेखकाचं नाव टिकलेलं नाही. त्यात भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर, म्हणजे आपलं तेर, असं येतं. पैठणहून गोमेदासारखे दगड, तगरहून जाडंभरडं कापड आणि मलमल, गाड्यांवर लादून रस्ता नसलेल्या मोठमोठ्या मुलखातून भडोचला जातं असं तो लिहितो. हे एसटीत वाचून दाखवलं तेव्हा गाडी एका खड्ड्यात आपटली आणि मागून कुणीतरी ओरडलं, ‘मॅडम, अजून तसाच आहे!’ लामतुरे संग्रहालयात उत्खननातल्या वस्तू पाहताना पोरं नेहमीपेक्षा हळू चालत होती. पेरिप्लसला कुणी महान साहित्य म्हणणार नाही, ती व्यापाऱ्याची वही आहे. पण ग्रीकमध्ये आपल्या शेजारच्या गावाचं नाव आहे हे कळल्यावर ‘हे आपलं नाही’ हा सूर जरा खाली आला.

शेवटी क्रेऑनवर खटला चालवला. सुरुवातीच्या तासाला विचारलं होतं तेव्हा क्रेऑनच्या बाजूनं दोघं-तिघंच होते, व्हिलन म्हणून सोडून दिलेला. खटल्यात त्याच्या वकिलानं, बीकॉमचा मुलगा, असा मुद्दा काढला की काल युद्ध संपलंय, शहर अजून धुमसतंय, स्वतःच्या गावावर फौज आणणाऱ्याला आणि गाव वाचवणाऱ्याला सारखाच मान दिला तर उद्या कोण लढेल? वर्ग गप्प. समोरच्या बाजूनं मुंबई हायकोर्टाचा मे २०२० चा निकाल आला, बांद्र्याच्या दफनभूमीच्या प्रकरणातला, की सन्मानानं अंत्यसंस्कार हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तो मीच आधी वाचायला दिला होता, मान्य. हात वर करायला सांगितले तेव्हा वर्ग जवळजवळ निम्मा-निम्मा. एका तासाला जवळजवळ सगळे जिथे एकमतानं होते तिथून ते अशा ठिकाणी आले होते जिथे बोलताना अडखळावं लागतं.

पहाऱ्यावरच्या शिपायाचं काम पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलानं केलं. हा शिपाई नाटकात घाबरत घाबरत बातमी घेऊन येतो, मी केलं नाही साहेब, मी पाहिलं नाही साहेब, आणि पुढे अँटिगनीला पकडून आणल्यावर म्हणतो की आपण सुटलो हा आनंद आहे, आपल्या माणसाला अडकवलं याचं वाईट वाटतं, पण माझ्यासाठी माझा जीव आधी. त्या मुलानं हे पाठ केलं नव्हतं, समजून म्हणाला. मला विचारलं, ‘मॅडम, सगळे अँटिगनीचं विचारतात, ऑर्डर आल्यावर ह्यानं काय करायला पाहिजे होतं हे कुणी का विचारत नाही? आम्ही तर उद्या हेच होणार.’

जिथे चुकलं

आता मराठीच्या मॅडमचं वाक्य.

अंतर्गत गुणांसाठी विषय दिला होता, ‘अँटिगनी की इस्मेनी, तुम्ही कोण झाला असता?’ इस्मेनी म्हणजे धाकटी बहीण, जी म्हणते आपल्यात बळ नाही, हुकूम मोडता येणार नाही. एका मुलीनं एप्रिल २०२१ लिहिलं. सरकारी दवाखाना, आजी, पिशवीत बांधलेलं, वडील आणि चुलते लांबून बघत उभे, जवळ जाऊ दिलं नाही. ‘माझे वडील इस्मेनी झाले,’ तिनं लिहिलं होतं, ‘आणि त्यांचं बरोबर होतं कारण घरी आम्ही तिघं लहान होतो. पण ते अजून नीट झोपत नाहीत.’

मी इतकी हलले की पुढच्या तासाला तो परिच्छेद नाव न घेता वर्गात वाचला. तिला विचारलं नाही. गावाचं नाव लिखाणात होतं ते गाळलं, पण आमच्याकडे दवाखाना आणि महिना सांगितला की पुरतं, अर्ध्या वर्गानं मागे वळून पाहिलं. ती पुढचे दोन तास आली नाही. मी घरी फोन करून माफी मागितली, ती म्हणाली असू द्या मॅडम, पण ते असू द्या कसलं होतं ते मला कळतं. लांबचं नाटक म्हणून ती मोकळी झाली होती आणि मी ते अंतर एका मिनिटात पुसून टाकलं. या सगळ्या प्रकरणातला माझा सर्वात वाईट निर्णय हाच.

दुसरी गोष्ट खटल्याच्या तयारीतली. शत्रूला पुरायचं की नाही यावर बोलताना एका मुलानं प्रतापगडाच्या पायथ्याच्या अफजलखानाच्या कबरीचा विषय काढला, की महाराजांच्या काळात शत्रूची कबर झालीच ना. विषय येणारच होता, मला अंदाज असायला हवा होता. दोन मिनिटात आवाज चढले, थीब्ज गेलं, आडनावं आली. मी घाबरले आणि म्हणाले, हे इथे नको, पुस्तकात या. तास संपला. कुणाला काही झालं नाही, पण नंतर दोन-तीन पोरं आठवडाभर बोललीच नाहीत, आणि मला वाटतं त्यांनी अर्थ असा काढला की बाई परक्यांच्या मुडद्यावर बोलू देतात, आपल्यावर नाही.

काय झालं

लेखी परीक्षेत मी उतारा देऊन प्रश्न विचारला, तर तपासणी समितीकडून आक्षेप आला की प्रश्न युनिटप्रमाणे नाहीत. तडजोड म्हणून १० मार्क उताऱ्याला, बाकी साच्यात, त्यात ‘शोकांतिकेची वैशिष्ट्यं’ परत आलीच. मार्क बाकीच्या ओपन इलेक्टिव्हपेक्षा कमी पडले. खटल्यात सगळ्यात चांगलं बोललेल्या मुलाला ५० पैकी २९. त्याच्या लिहिण्यात ते उतरलंच नाही, आणि तोंडी बोलण्याला मी अंतर्गत २० मध्ये जागाच ठेवली नव्हती. हे माझंच नियोजन.

पुढच्या वर्षी प्रवेश २२, म्हणजे घटले. सिनियर पोरं सांगतात, तास मजेशीर पण पेपर अवघड, मार्क कमी पाडून घ्यायचे असतील तर जा. प्राचार्यांनी फाइल वाचली, तेरच्या सहलीचं कौतुक केलं आणि अजून एक वर्ष बघू म्हणाले. कुणाला यातून नोकरी लागली का, तर नाही. तसा दावा मी आता कुठल्याच बैठकीत करत नाही, आणि खरं सांगायचं तर दावा सोडल्यापासून मला शिकवायला हलकं वाटतं.

इतिहासाच्या सरांच्या ७५०-३७५ च्या आकड्यांना मी दुसऱ्या वर्षी पहिल्या तासात घेतलं, अक्षरांच्या आधी. पोरांना तो मुद्दा नाटकाइतकाच आवडतो. एका मुलीनं तेव्हाच विचारलं की अथेन्सच्या लोकशाहीत बायका आणि गुलाम होते का मत द्यायला. नव्हते. मग माहेरघर कुणाचं, असं ती म्हणाली. माहेरघर हा शब्द मी नोट्समधून काढला.

परत करायचं झालं तर

पोरांचं लिखाण विचारल्याशिवाय वाचायचं नाही, आणि विचारायचं ते एकट्यात, दोन दिवसांचा वेळ देऊन. यावर चर्चा नाही.

प्रतापगडासारखा विषय आला तर ‘नको’ म्हणायचं नाही. आता मी असं करते की आवाज चढले की दोन्ही बाजूंना सांगते, तुमच्या म्हणण्याला क्रेऑनचं एक वाक्य शोधा आणि तुमच्या विरुद्ध अँटिगनीचं एक शोधा, मग बोला. पानं उलटण्यात पाच मिनिटं जातात, तेवढ्यात निम्मा राग उतरतो. नेहमी चालतं असं नाही. एकदा एकानं पुस्तकच मिटून ठेवलं.

तोंडी कामाला अंतर्गतपैकी किमान १० मार्क, हे यंदा मंडळात मांडलंय, निर्णय बाकी आहे.

आणि स्त्रीपर्व. मराठीच्या मॅडम अर्ध्या बरोबर होत्या. आधी थीब्ज, आणि शेवटचे सहा तास कुरुक्षेत्र, त्या स्वतः येऊन घेणार आहेत. उलट क्रमानं केलं तर जमेल असं मला वाटत नाही, त्यांना वाटतं जमेल. यावरून आमचं अजून भांडण चालू आहे.

परवा सकाळी ग्राउंडच्या बाजूनं येत होते तर तो शिपायाचं काम केलेला मुलगा धावण्याची प्रॅक्टिस करून घामाघूम उभा. म्हणाला, मॅडम एक विचारायचं राहिलं होतं, त्या गार्डचं पुढे काय होतं? तिला आणून देतो आणि जातो, मग परत दिसतच नाही. शेवटी एवढी माणसं मरतात, हा कुठंय?

विभागात येऊन मी पुस्तक काढलं आणि शेवटपर्यंत पानं चाळली. खरंच येत नाही तो परत.